पुठ्ठ्यातला शेवट

आरमोरीत बसस्टँडच्या मागच्या गल्लीत इब्राहीमभाऊंचं बाइंडिंगचं दुकान आहे. शाळांची हजेरीपत्रकं, सोसायटीच्या वह्या, कोणाचं फाटलेलं पंचांग, कोणाच्या बी.एड.च्या नोट्स, जे येईल ते शिवायचं. दुकानाच्या आतल्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे. त्यात बारा कादंबऱ्या आहेत, आणि बाराही कधी ना कधी सरकारनं बंद केलेल्या होत्या.

संग्रहाच्या अटी दोनच. प्रत पहिल्या आवृत्तीची हवी आणि बंदी उठलेली हवी. आज बंद असलेल्या पुस्तकाला इब्राहीमभाऊ हात लावत नाहीत. "आपल्याले कोर्टकचेरी नाई पाह्यजे," ते सांगतात. "आपल्याले सुटून आलेले पाह्यजे."

हा नाद कशापायी, असं विचारणाऱ्यालाही त्यांचं उत्तर तयार असतं. "सरकार ज्या पुस्तकावर बंदी घालते, ते पुस्तक कोणीतरी शेवटपर्यंत वाचलेलं असते. बाकीच्याची काय गॅरंटी?"

या बारा कादंबऱ्या त्यांनी चाळीसेक वर्षांत जमवल्या. नागपूरच्या रविवारच्या फुटपाथवर, बंद पडलेल्या वाचनालयांच्या लिलावात, घुग्घुसच्या क्वार्टरांतून बदलीवर निघालेल्या लोकांच्या रद्दीत. प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून कापडी खिसा शिवलेला आहे. खिशात दोन कागद: बंदीचा हुकूम आणि बंदी उठल्याचा हुकूम. पहिल्याला ते जन्मदाखला म्हणतात, दुसऱ्याला शाळा सोडल्याचा दाखला. कपाट कधी कोणी तपासायला आलं नाही. इब्राहीमभाऊंना त्याचं थोडं वाईटच वाटत असावं, इतकी त्यांची कागदपत्रं तयार होती.

बारावं पुस्तक मात्र अधुरं होतं. त्याची शेवटची सोळा पानं नव्हती, आणि ती कोणी घालवली हे इब्राहीमभाऊंना नेमकं ठाऊक होतं. त्यांनी स्वतःच.

ही अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा गडचिरोली जिल्हा वेगळा झाला नव्हता आणि इब्राहीमच्या अब्बांचं दुकान चंद्रपुरात होतं. इब्राहीम एकोणीस वर्षांचा होता. घुग्घुसकडच्या एका खाणीत बाबू असलेल्या लटारू बोढे नावाच्या माणसानं 'चौदा हजर' नावाची कादंबरी लिहिली होती. तिच्यातल्या खाणीचं छत कोसळतं आणि मालक म्हणतो, त्या पाळीला खाली कोणी उतरलंच नव्हतं. पण हजेरी लिहिणाऱ्या बाबूकडे त्या पाळीचा कागद आहे. त्यावर चौदा नावं आहेत आणि प्रत्येक नावापुढं 'हजर' लिहिलेलं आहे. तो कागद कलेक्टरपर्यंत पोचतो की नाही, एवढीच ती कादंबरी.

छापखान्यातून छापील कागद एकेक फर्मा करून अब्बांकडे शिवायला येत होते. फर्मा म्हणजे सोळा पानांचा एक मोठा ताव, घडी घातली की पुस्तकाचा तेवढा तुकडा तयार. इब्राहीम प्रत्येक फर्मा आला की त्यातला एक ताव काढून आधी वाचायचा. असे अकरा फर्मे वाचून झाले. पान एकशे शहात्तरवर बाबू सायकलीवरून कलेक्टर कचेरीकडे निघालेला, पुलावर तीन माणसं आडवी उभी, आणि पानाची शेवटची ओळ अशी: 'सायकल आडवी पडली आणि त्यानं'.

बारावा फर्मा संध्याकाळी आला. इब्राहीमनं ठरवलं, सकाळी चहा पिता पिता वाचू.

सकाळी पोलीस आले. लेखकानं तोवर छापून झालेल्या अकरा फर्म्यांच्याच चाळीस प्रती घाईनं घरी शिवून मित्रांना वाटल्या होत्या, त्यातली एक नको त्या टेबलावर पोचली होती. पोलिसांनी अकरा फर्म्यांचे गठ्ठे नेले. सोबत सुई नेली, आणि शिलाईच्या पांढऱ्या दोऱ्याचं रीळही 'साहित्य' म्हणून नेलं. बाराव्या फर्म्याचा गठ्ठा खाकी कागदात बांधलेला तसाच खळीच्या डब्याजवळ होता. तो मात्र राहिला, कारण पंचनामा लिहिणारा हवालदार त्यावरच बसला होता.

पोलीस गेले. अब्बा घामानं भिजले होते. "दुपारपर्यंत हे घरात दिसलं नाई पाह्यजे," ते म्हणाले. जाळावं तर धूर दिसणार. नदीत टाकावं तर नेणार कसं? त्यावेळी अब्बांच्या अंगावर जंगलखात्याच्या वह्यांचं काम होतं आणि पुठ्ठे करायचे बाकी होते. जुन्या पद्धतीचा जाड पुठ्ठा म्हणजे रद्दीचे कागद एकावर एक खळीनं चिकटवून दाबलेले. इब्राहीमनं तो सगळा गठ्ठा मधोमध कापला, दोन ढीग केले आणि त्यांचेच पुठ्ठे केले. समोर अब्बा उभे होते. एक ओळ वाचायची सोय नव्हती. वह्या शिवायला पांढरा दोरा नव्हता, म्हणून हिरवा वापरला.

आठवड्याभरात वह्या कचेरीत पोचल्या आणि तिथून जिल्हाभर कुठं कुठं गेल्या. सरकारनं बंद केलेली कादंबरी सरकारच्याच कुलपात पडली. तिची दरवर्षी धूळ झटकली जाऊ लागली. अशी बडदास्त लेखकाच्याही वाट्याला आली नव्हती.

इब्राहीमच्या गादीखाली वाचलेले अकरा ताव तेवढे उरले. आठ वर्षांनी बंदी उठली आणि दुसरी आवृत्ती निघाली. इब्राहीमनं ती विकत घेतली आणि उभ्या उभ्या शेवटची पानं उघडली. बाबू पुलाखाली मेलेला सापडतो, कागद पाण्यात वाहून जातो. संपलं. पण मुखपृष्ठाच्या आत बारीक अक्षरात छापलं होतं: 'या आवृत्तीत शेवट बदलला आहे.' विचारायला इब्राहीम घुग्घुसला गेला, तर लेखक वारून दोन महिने झाले होते. त्याची बायको दारातच म्हणाली, "मेलेला बाबू पास झाला, भाऊ. आधीचा नसता झाला." आधीच्याचं काय होतं, हे तिलाही माहीत नव्हतं. तिनं कादंबरी वाचली नव्हती. नवऱ्यालाच पुरेसं ऐकलं होतं, म्हणाली.

तेव्हापासून इब्राहीमभाऊंना एकच हवं होतं. ती सोळा पानं. प्रत पुरी व्हावी हे तर होतंच, पण बाबू मेला की जगला हेही कळायला हवं होतं. त्याला पुलावर आडवा पाडून, पुढची पानं खळीत घालून, ते स्वतः लग्न करून आरमोरीत सासुरवाडीच्या गावी दुकान टाकून बसले होते. गडचिरोली, सिरोंचा, कुरखेडा, जिथला म्हणून बाबू शिलाईच्या वह्या घेऊन येई, त्याला ते विचारत, "तुमच्या रेकॉर्डात हिरव्या दोऱ्याची वही आहे का हो?" बाबूलोक एकमेकांकडे पाहत. सुरय्याबी, त्यांची बायको, आतून ओरडत, "त्यायले चहा तरी पिऊ द्या आधी!"

या मंगळवारी अहेरीहून रंजीताचा फोन आला. रंजीता आत्राम तिथल्या एका कार्यालयात रेकॉर्ड सांभाळते. वर्षाकाठी एकदा तरी वह्या घेऊन ती आरमोरीला येते आणि हिरव्या दोऱ्याची चौकशी तिनं आठ वेळा ऐकलेली आहे.

"चाचा, भेटला तुमचा हिरवा दोरा. तीन वह्या आहेत. जंगलखात्याच्या, मोहा-हिरड्याच्या."

इब्राहीमभाऊंच्या हातातली सुई तशीच राहिली. "आहेत का खरंच?"

"आहेत, पण शुक्रवारपर्यंतच. सारं जुनं रेकॉर्ड कॉम्प्युटरात घातलं. आता कागद कारखान्याची गाडी येऊन राह्यली, लगदा कराले."

सुरय्याबींनी पिशवी भरून दिली. त्यात दोन कपडे, बीपीच्या गोळ्या आणि पोळ्या. "अठ्ठेचाळीस वर्षं एका बाबूसाठी," त्या म्हणाल्या. "माह्यासाठी कधी अहेरीले गेले नाई."

"तू हरवलीच नाई कधी."

"तुम्ही चान्स नाई देल्ला!"

गुरुवारी सकाळच्या गाडीनं गडचिरोली आणि तिथून दुसऱ्या गाडीनं अहेरी. पोचेपर्यंत बारा वाजले. रंजीतानं त्यांना रेकॉर्डच्या खोलीत नेलं. कोपऱ्यात गाठोडी बांधून रचलेली होती, आणि वरच तीन जाडजूड वह्या. पाठीचं कापड उसवलेलं, आणि त्यातून डोकावणारा दोरा अजून हिरवाच. इब्राहीमभाऊंनी पुठ्ठ्यावरून अंगठा फिरवला. वाळवी लागलेली नव्हती. अब्बा खळीत मोरचूद घालत, ते उगाच नव्हतं.

"हात नका लावू," मागून आवाज आला.

गुणवंतराव. कार्यालयाचे मुख्य बाबू. निवृत्तीला सात महिने होते आणि तेवढ्या काळात एकही चूक होऊ द्यायची नाही, असा त्यांचा चेहरा होता.

"साहेब, या वह्यायचे फक्त पुठ्ठे पाह्यजे होते," इब्राहीमभाऊ म्हणाले.

"काऊन?"

इथं इब्राहीमभाऊंनी चूक केली. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती आणि अर्धं खरं बोलायची अक्कल ऐन वेळी सुचली नाही. ते म्हणाले, "त्यात बंदी घातलेलं पुस्तक लपवलेलं आहे."

अहेरीतल्या सरकारी कार्यालयात हे वाक्य उच्चारण्याच्या अनेक पद्धती असतील. त्यातली एकही चांगली नाही. गुणवंतरावांनी आधी दार लावलं, मग खिडकी लावली, मग खुर्चीवर बसले.

"माह्या रेकॉर्डात? बंदीचं? कोणी लपवलं?"

"मीच."

"बाई," गुणवंतराव रंजीताकडे वळले, "ह्या माणसाले तुम्ही आणलं का?"

"चाचा चांगले आहेत सर. पुस्तकं शिवतात."

"ते दिसूनच राह्यलं. सात महिने राह्यले माहे, सात! गाडीवाल्याले फोन लावा. म्हणा, आजच ये. चार वाजेपर्यंत ह्या गाठोड्यायचं तोंड मले दिसलं नाई पाह्यजे."

अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी अब्बा जवळजवळ याच शब्दांत बोलले होते. रंजीतानं मोबाइल हातात घेतला, पण नंबर शोधायला ती नको तितका वेळ लावू लागली.

मग इब्राहीमभाऊंना आपली पिशवी आठवली. गोळ्यांच्या खाली, पोळ्यांच्या वर, प्लास्टिकच्या पाकिटात त्यांनी बाराव्या पुस्तकाचे दोन्ही कागद आणले होते. पुस्तकाच्या कामाला निघताना त्याचे कागद बरोबर हवेतच, असा त्यांचा नियम. त्यांनी दुसरा कागद टेबलावर ठेवला. "साहेब, बंदी उठून चाळीस वर्षं झाली. हा तिचा दाखला."

गुणवंतरावांनी चष्मा लावला. हुकूम क्रमांक पाहिला, तारीख पाहिली, शिक्का उजेडात धरून पाहिला. सगळा कागद दोनदा वाचला. चांगला टाइप केलेला हुकूम वाचून त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परत आला.

"मंग सुटलेलं आहे म्हणा ना! 'बंदीचं' काऊन म्हणता? बीपी आहे मले."

"मलेही आहे साहेब."

"पण पुठ्ठे देता येत नाई. वह्या यादीत आहेत." त्यांनी यादी ओढली, तीन नंबरांवर बोट ठेवलं आणि थांबले. "नोंदवही, पानं तीनशे अठ्ठ्याण्णव. नोंदवही, पानं चारशे. नोंदवही, पानं तीनशे शहाण्णव." त्यांनी चष्मा काढला. "पुठ्ठा पानात मोजत नाईत."

"नाई मोजत," रंजीता म्हणाली. "अन् गाडीवाला पुठ्ठे घेतही नाई सर. कापड असते, खळ असते. फाडून इथीच टाकून जाते."

"म्हणजे पुठ्ठे कोणाच्याच यादीत नाईत." गुणवंतरावांना नियमात सापडलेली ही जागा मनापासून आवडली. त्यांनी कोरा कागद घेतला आणि सुबक अक्षरात लिहिलं: 'पुठ्ठे, नग सहा, निरुपयोगी, आजरोजी मिळाले.' त्याखाली इब्राहीमभाऊंची सही घेतली, स्वतःची केली, गोल शिक्का मारला आणि एक प्रत त्यांना दिली. इब्राहीमभाऊंनी तिथंच तिन्ही वह्यांचे पुठ्ठे सोडवून घेतले.

फाटकाशी सोमारीची चहाची टपरी. तिनं पाणी कोमट करून दिलं. रंजीतानं बांधकामावरची दोन घमेली आणली, आणि नळाजवळच्या सावलीत पहिले पुठ्ठे पाण्यात पडले.

भिजलेला पुठ्ठा घाईनं सोलायचा नसतो. कोपऱ्याखाली हाडाची सळी सरकवायची आणि कागद स्वतः सुटेपर्यंत त्याच्याशी बोलत राहायचं. इब्राहीमभाऊ खरंच पुटपुटत होते. पहिला ताव सुटला. खळ पिवळी पडली होती, पण छपाईची शाई जागची हलली नव्हती. एका कोपऱ्यात आकडा होता १७७. त्यांनी डोळ्याजवळ धरला.

'सायकल आडवी पडली आणि त्यानं', हे तर पाठच होतं. आता पुढचं: 'आधी डबा उचलला. भाजी सांडली नव्हती.'

अठ्ठेचाळीस वर्षं ज्या माणसाला त्यांनी रक्तात पडलेला पाहिलं होतं, तो डबा पाहत होता.

"काय निंघालं?" गुणवंतराव. ते हात मागं बांधून येऊन उभे होते. जेवणाची सुट्टी आहे, असं त्यांनी न विचारता सांगितलं.

कापलेल्या तावाच्या अर्ध्या भागात पानं सरळ क्रमानं नसतात. या अर्ध्यात पहिली दोन होती, मधली चार होती आणि शेवटची दोन. म्हणजे एकशे ब्याण्णवसुद्धा. इब्राहीमभाऊंनी ते ओलं पान हातावर पसरलं आणि वाचलं. बाबू आपल्या घरी, दाराशी पाटावर बसून पायाची नखं कापत होता. बायको म्हणत होती, संध्याकाळी कापू नका. तो म्हणत होता, आज चालते.

"जिवंत आहे," इब्राहीमभाऊ म्हणाले. मग मोठ्यानं, "जिवंत आहे!" त्यांनी तिथंच ओल्या हातानं आरमोरीला फोन लावला.

"कोण?" सुरय्याबींचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"बाबू!"

"अन् तुम्ही? गोळी घेतली?"

गुणवंतराव मात्र मधली पानं वाचत होते. एकशे शहाऐंशीच्या शेवटी ते थांबले. "इथी तिघं म्हणून राह्यले, कागद दे. अन् शेवटी हा घरी बसून नखं कापून राह्यला." त्यांचा आवाज उतरला. "म्हणजे देल्ला त्यानं कागद. वाचला, पण देऊन वाचला."

सोमारीनं चहा आणून ठेवला, तो तसाच राहिला. इब्राहीमभाऊंना हे कधी सुचलंच नव्हतं. मेलेला बाबू त्यांनी पचवला असता. दुसऱ्या आवृत्तीत पचवलाच होता. पण चौदा माणसं देऊन घरी आलेला बाबू? एकशे शहाऐंशीच्या पुढची पानं दुसऱ्या अर्ध्यात होती, म्हणजे कापताना केलेल्या दुसऱ्या ढिगात. आणि तो एकोणीस वर्षांचा पोरगा इतका नीटनेटका, की त्यानं आधी एक ढीग संपवलेला. दुसरा पुठ्ठा सोलला, तोच अर्धा. तिसरा, चौथा, तेच. सगळीकडे बाबू नखं कापत होता.

पाचवा पुठ्ठा उंदरानं पोखरलेला होता. सहाव्याचा वरचा कागद सुटला. पुन्हा नखं. खालचा, पुन्हा नखं. आता गुणवंतरावांनीच बाह्या सारल्या आणि हात घमेल्यात घातले.

"हळू साहेब, हळू."

"मले नका शिकवू. छत्तीस वर्षं कागद सांभाळले."

तिसरा कागद गुणवंतरावांच्या हातात सुटला. त्यांनी कोपऱ्यातला आकडा पाहिला आणि तो मोठ्यानं वाचला, "एकशे सत्त्याऐंशी." ढीग इथं बदलला होता. दोघांनी तो कागद दोन बाजूंनी धरला, आणि अहेरीतल्या एका नळाशी दोन म्हातारे एकाच पानावर वाकून, ओठ हलवत वाचू लागले.

बाबूनं कागद दिला होता. घासाघीस न करता, दोन्ही हातांनी, अदबीनं दिला होता. तिघांनी तो फाडून पुलाखाली टाकला आणि त्याची सायकल उभी करून दिली. मग बाबू घरी निघाला. पुढं एकशे नव्वदव्या पानावर, उतारावर, कोणी ऐकत नाही असं पाहून त्यानं हसून घेतलं. कारण हजेरी तो गेली बावीस वर्षं कार्बन लावून लिहीत आला होता. दोन प्रती सकाळीच रजिस्टर टपालानं गेल्या होत्या. एक कलेक्टरला, एक वरच्या साहेबाला.

"तीन प्रतीत!" गुणवंतराव ओरडले. फाटकातून जाणाऱ्या दोन सायकलवाल्यांनी वळून पाहिलं. "तीन प्रतीत हो! बाबू आहे तो! कोणता बाबू एका प्रतीवर घराबाहेर पडते? मले आधीच काऊन नाई सुचलं?"

"मले अठ्ठेचाळीस वर्षांत नाई सुचलं," इब्राहीमभाऊ म्हणाले. ते खाली बसले आणि आता निवलेला चहा एका घोटात पिऊन टाकला. असा चहा आपण आयुष्यात प्यालो नाही, असं त्यांनी सोमारीला सांगितलं. सोमारीला ते खरं वाटलं नाही. तिनं नवीन ठेवला.

त्या अर्ध्याचे तीन ताव धड निघाले. एक संच इब्राहीमभाऊंनी गुणवंतरावांना देऊ केला. ते म्हणाले, असं घेता येत नाही. मग थोडं थांबून म्हणाले, "पहिली एकशे शहात्तर पानं वाचाले भेटन का? आरमोरीले सोयरे आहेत माहे." तेवढं ठरलं. संच त्यांनी रीतसर पोचपावती लिहून घेतला.

शुक्रवारी सकाळी ताव वाळले. गाडी आली, गाठोडी चढली. पुठ्ठे नसलेल्या त्या तीन वह्या सगळ्यात वर होत्या. इब्राहीमभाऊंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. परतीच्या एसटीत ते आल्लापल्लीच्या आतच झोपले, आणि गडचिरोली येईपर्यंत कंडक्टरला त्यांना दोनदा हलवावं लागलं. सुरय्याबी म्हणतात, माणूस असा झोपल्याचं त्यांनी लग्नानंतर पाहिलं नव्हतं.

बारावा फर्मा त्यांनी रविवारी शिवला, हिरव्या दोऱ्यानं. पांढरं रीळ शेजारीच पडलं होतं. मागच्या कापडी खिशात आता दोनाऐवजी तीन कागद आहेत. बंदीचा हुकूम, बंदी उठल्याचा हुकूम, आणि गोल शिक्क्याची ती पावती: पुठ्ठे, नग सहा, निरुपयोगी.

तिची त्यांनी झेरॉक्स काढून घेतली आहे. दोन प्रती.